कर्करोगाचे निदान झाल्यावर सिगारेट सोडून उपयोग होतो का?

प्रश्न :
माझ्या वडिलांना घशाच्या कर्करोगासाठी रुग्णालयात दाखल केले असून लवकरच रेडिएशन आणि केमोथेरपी सुरू होईल. ते अनेक वर्षांपासून रोज पाकीटभर सिगारेट ओढतात. "व्हायचे ते होऊन गेले, आता सोडून काय मिळणार?" असे ते म्हणतात आणि त्यांची अवस्था पाहून आम्हालाही आग्रह करवत नाही. या टप्प्यावर सोडल्याने खरोखर फरक पडतो का?

प्रतिसाद १ :
निश्चित पडतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसत असल्याने गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी पोहोचतो, आणि जिथे ऑक्सिजन कमी तिथे रेडिएशनचा मारा फिका पडतो. सिगारेट थांबली की हा वायू एक-दोन दिवसांत रक्तातून बाहेर पडतो. शिवाय धूम्रपानामुळे जखमा उशिरा भरतात आणि काही औषधे यकृतात लवकर निकामी होतात. कर्करोगाच्या रुग्णांमध्ये धूम्रपानामुळे मृत्यूचे प्रमाण वाढते, असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख डॉक्टरच्या) 2014 च्या अहवालात आहे.

प्रतिसाद २ :
मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण चिडचिड करू लागतो, त्याला झोप लागत नाही, जिन्याकडे जाण्यासाठी तो निमित्ते शोधतो. नातेवाईक याला हट्ट समजतात, पण ती निकोटिन तुटल्याची लक्षणे असतात आणि त्यांवर औषध आहे. वडील किती ओढतात आणि सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली सिगारेट पेटवतात, हे डॉक्टरांना खरेखरे सांगा, कारण सिगारेटऐवजी औषध म्हणून द्यायच्या निकोटिनची मात्रा त्यावरून ठरते. रेडिएशनने तोंड आले की निकोटिनचे च्युइंगगम झोंबते, म्हणून अशा रुग्णांना बहुधा त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी सोयीची पडते. आणि कृपा करून "तुमच्यामुळेच हे झाले" असे त्यांना कोणी म्हणू नये. अपराधी वाटू लागले की माणूस लपून ओढतो आणि मग आम्हाला मदत करता येत नाही.

प्रतिसाद ३ :
सिगारेट सोडायला मदत करणारी व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधेही आहेत, मात्र झटके येण्याचा धोका असल्यास, उदाहरणार्थ मेंदूत गाठ असल्यास, ब्युप्रोपिऑन टाळतात. त्यामुळे परस्पर काहीही आणू नये. खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. रुग्णालयात सुरू झालेले समुपदेशन घरी गेल्यावर निदान महिनाभर चालू राहिले तरच त्याचा चांगला उपयोग होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. म्हणून डिस्चार्जच्या आधीच पुढच्या पट्ट्या लिहून घ्या आणि पाठपुराव्याचा फोन कोण करणार, हे विचारून ठेवा.