‘गूजबम्प्स’च्या सिनेमात भुतं ढीगभर, भीती कुठाय?

विश्रामबागकर:
काल पोरीबरोबर २०१५चा ‘गूजबम्प्स’ परत पाहिला आणि परत तेवढाच वैताग आला. तो ज्यांवरून काढलाय ती आर. एल. स्टाइनची मुलांसाठीच्या भयकथांची पुस्तकं १९९२ ते १९९७ मधली, मूळ मालिकेत ६२. सांगलीत आम्हाला ती रद्दीच्या दुकानात मिळायची, कव्हर फाटलेली, आणि तशीच वर्गभर फिरायची.

त्यातली भीती घरातली असते. एका पुस्तकात पोराला जुना कॅमेरा सापडतो. तो वडिलांच्या नव्या कोऱ्या गाडीचा फोटो काढतो, तर फोटोत गाडीचा चुराडा! गाडी तर समोर धडधाकट उभी. सांगणार कुणाला? मोठी माणसं ऐकून घेतच नाहीत. त्या वयात याहून भयंकर काय असतं?

सिनेमात स्टाइन स्वतःच एक पात्र आहे आणि त्याच्या कुलपातल्या हस्तलिखितांतून सगळी भुतं बाहेर पडतात. हिममानव, लांडगा, बागेतले बुटके, सगळ्यांची गावभर पळापळ. एकाचीही धास्ती बसायला वेळ मिळत नाही.

मिरजेची आई:
दादा, नाही पटलं. स्टाइन आधी मुलांसाठी विनोदीच लिहायचे, ‘जोव्हिअल बॉब’ नावानं. हसवणं त्यांच्यात मुळातच आहे. सिनेमात नट जॅक ब्लॅकनं स्टाइनची भूमिका केलीय आणि स्लॅपी या बोलक्या बाहुल्यालाही आवाज दिलाय, म्हणजे बाहुला लेखकाचीच काळी बाजू झाला. ही कल्पना मला फार आवडली. माझा नऊ वर्षांचा मुलगा सिनेमा बघूनच पुस्तकाकडे वळला. अजून काय पाहिजे?

गावभागातला वाचक:
ताई, पोरगा वाचायला लागला हे झकास. पण म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. १९९५ची टीव्ही मालिका आठवा. मुखवटे स्वस्तातले, पण बहुतेक भागांत एकच गोष्ट, एकच पोरगं, एकच संकट. ते डोक्यात बसायचं. सिनेमानं सगळं एकाच ताटात वाढलं आणि कशाचीच चव लागली नाही.

मिरजेची आई:
बरं, मग हॅनाचं काय? सिनेमाचा नायक झॅकला चांदण्यात कळतं की शेजारची ही मुलगी माणूस नाही, तो प्रसंग हळवा आहे की नाही?

विश्रामबागकर:
आहे, आणि अख्ख्या सिनेमात मला तेवढाच आवडतो. पण हॅनाच्या मूळ पुस्तकात काय होतं बघा. ती शेजारच्या मुलावर संशय घेते, त्याच्यावर पाळत ठेवते, आपणही तिच्या बाजूनं शोध घेत असतो. आणि मेलेली निघते ती स्वतः! पायाखालची जमीन सरकते ती हॅनाच्या. सिनेमात तो धक्का झॅकला दिला आणि हॅना त्याची मैत्रीण होऊन राहिली. ताई, मुलाला ते पुस्तक आधी द्या, शेवट सांगू नका.

मिरजेची आई:
देते. पण सिनेमा त्याला परत बघायचाय, आणि मी बसणार आहे त्याच्यासोबत.