मणी करून दोन-तीन दिवसांनी आपोआप तडकतात, चूक नेमकी कुठे होते आहे?

प्रश्न (घणसोली)

सर्वांना नमस्कार. पावसाळ्यानंतर मी दर रविवारी एका स्टुडिओत टॉर्चच्या ज्योतीवर काचेचे मणी करायला शिकते आहे. कांडीचे टोक वितळवून मातीचा लेप दिलेल्या पोलादी तारेवर गुंडाळायचे, तार सतत फिरवत मणी गोल करायचा आणि मग तो सिरॅमिक लोकरीच्या घडीत निवायला ठेवायचा, अशी आमची पद्धत आहे. मणी निर्दोष दिसतात, पण आईसाठी केलेल्या बारांपैकी पाच मणी कोणी हात न लावता डबीतच तडकलेले सापडले आणि एकावर बसवलेली हिरव्या काचेची टिकली अलगद सुटून आली. शिकवणाऱ्यांना विचारले, तर "हात बसला की होईल" एवढेच उत्तर मिळाले. मला पुढे फुंकनळीवरचे काम, म्हणजे पोकळ नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन ती फुंकून फुगवणे, शिकायचे आहे. त्याआधी ही चूक समजून घ्यायची आहे.

उत्तर (कोपरी, ठाणे पूर्व)

दोष आपल्या हाताचा नाही, निवण्याच्या पद्धतीचा आहे. ज्योतीबाहेर आलेल्या मण्याचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला गाभा मागाहून आकसू पाहतो आणि बाहेरचे कवच त्याला आकसू देत नाही. त्यामुळे काचेत अडकलेला ताण तासाभराने, दोन दिवसांनी किंवा महिन्यांनीही भेगेच्या रूपाने बाहेर पडतो. लोकरीच्या घडीत मणी जरा सावकाश निवतो, पण ताण पुरता जात नाही. त्यासाठी विजेच्या छोट्या भट्टीत मऊ काचेचा (म्हणजे कमी उष्णतेला वितळणाऱ्या काचेचा) मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला ठेवून हळूहळू उतरवावा लागतो. याला अॅनीलिंग म्हणतात, आणि ज्या स्टुडिओत त्याची सोय नाही तिथे पुढचे शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिरव्या टिकलीचे कारण मात्र बहुधा वेगळे आहे. सगळ्या काचा तापल्यावर सारख्या प्रसरण पावत नाहीत. बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या भांड्यांची उष्णता सोसणारी काच, तर मऊ काचेच्या जेमतेम एक-तृतीयांश प्रसरण पावते आणि मऊ काचांमध्येही आपापसांत फरक असतो. भेग टिकलीच्या कडेने गेली असेल, तर त्या दोन काचा एकमेकींशी जुळत नाहीत असे समजावे. ताण डोळ्यांनी पाहायचा असेल, तर लॅपटॉपचा पडदा पांढरा ठेवून त्यापुढे पारदर्शक मणी धरावा आणि पोलराइज्ड गॉगल पडदा काळा दिसेपर्यंत फिरवून त्यातून पाहावे. ताणाची जागा उजळ दिसते.

उत्तर (रबाळे)

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रयोगशाळेची काचपात्रे घडवण्यात बरीच वर्षे काढली आहेत. वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, तरीही हाताबद्दल थोडे सांगतो. दोन नळ्यांच्या मध्ये कापडाचा तुकडा बांधावा आणि कापडाला पीळ पडू न देता दोन्ही हातांनी नळ्या एका गतीने फिरवाव्यात. हे थंड काचेवर रोज अर्धा तास केले, तर पुढे मऊ झालेली काच दोन हातांच्या मध्ये मुरगळत नाही. डिडिमियमचा चष्मा मात्र आजच घ्यावा, कारण तापलेल्या काचेतील सोडियमची पिवळी झळाळी त्याच्याशिवाय डोळ्यांपुढून हटत नाही आणि काच नेमकी कुठे मऊ झाली आहे ते उशिरा कळते.

फुंकनळीची घाई करू नये. त्या कामाची भट्टी सुमारे ११०० अंशांवर रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, त्यामुळे अशी जागा आपल्याकडे सहज मिळत नाही. लोकांकडून एकेक पैसा जमवून तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, ओगलेवाडीच्या कंदिलांच्या काचा घरोघरी पोहोचल्या. ही विद्या आपल्या मातीत रुजलेली होती, म्हणून तुमच्यासारखे कोणी ती शिकू लागले की मला मनापासून आनंद होतो.

प्रश्नकर्ती (घणसोली)

काका, आपणा दोघांचेही आभार. काल रात्री गॉगल लावून पाहिले. न तडकलेल्या तीन पारदर्शक मण्यांपैकी दोघांत भोकाभोवती पांढरी प्रभा स्पष्ट दिसली. हिरव्या टिकलीच्या आणखी दोन मण्यांत भेग टिकलीच्या कडेनेच गेली आहे, त्यामुळे त्या कांड्या वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या आहेत. रविवारी अॅनीलिंगच्या भट्टीचा विषय स्टुडिओत काढते. कापड बांधलेल्या नळ्या आजपासून सुरू केल्या. पाच मिनिटांतच डावा हात मागे पडतो आणि कापडाला पीळ बसतो.