युरोपातले नाताळबाजार : जाऊन आलेल्यांचे अनुभव

नोव्हेंबर लागला की पुण्या-नाशिकहून एकच प्रश्न यायला लागतो : डिसेंबरात येतोय, कुठलं ख्रिसमस मार्केट बघू? याचं उत्तर एकट्याने देण्यासारखं नाही. नुसत्या जर्मनीतच असे बाजार हजारांच्या घरात भरतात आणि प्रत्येक गावाचा थाट वेगळा. म्हणून जे युरोपात राहतात किंवा जाऊन आलेत त्यांनी आपापला अनुभव इथे लिहावा. शहरांच्या याद्या कुठेही मिळतात. काय पाहिलंत, काय खाल्लंत, मुलांना आणि आईवडिलांना झेपलं का, पुन्हा जाल का, ते सांगा. सुरुवात मी करते.

न्यूर्नबर्ग

मी शेजारच्या एर्लांगेनला राहते, त्यामुळे न्यूर्नबर्गचा क्रिस्टकिंडलेसमार्क्ट माझ्यासाठी दरवर्षीचा. नाताळाआधीचे चार रविवार अ‍ॅडव्हेंटचे. त्यातल्या पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला हा बाजार उघडतो. मुख्य चौकातले दिवे घालवतात आणि फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जात पांढऱ्या-सोनेरी पोशाखातली, सोनेरी कुरळ्या केसांची, मुकुट घातलेली एक मुलगी येते. ती क्रिस्टकिंड. खाली जमलेल्या लोकांना उद्देशून ती स्वागताचं काव्य म्हणते, मग दिवे लागतात आणि बाजार सुरू. ही मुलगी दर दोन वर्षांनी निवडतात. वय १६ ते १९, उंची किमान १६० सेंटिमीटर, न्यूर्नबर्गची रहिवासी आणि उंचावर उभं राहिल्यावर चक्कर न येणारी, अशा अटी असतात.

२०१९ साली निवडलेल्या मुलीचे वडील भारतात जन्मलेले. एका राजकीय पक्षाच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाखेने तिच्या दिसण्यावरून अतिशय हिणकस पोस्ट टाकली. देशभरातून लोक तिच्या बाजूने बोलले, पक्षाला माफी मागावी लागली आणि ठरल्याप्रमाणे तीच सज्जात उभी राहिली. त्या संध्याकाळी मी चौकात होते. परक्या गावात मुलं वाढवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या टाळ्या फार मोलाच्या वाटल्या.

इथला लेबकुखेन, म्हणजे मसाल्याचा केकसारखा बिस्किट, जरूर खा, आणि त्यातही 'एलिझेन' लिहिलेला घ्या. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड मिळून किमान २५ टक्के असावे लागतात आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायपत्री असा सगळा आपल्या मसाल्याच्या डब्यातला ऐवज त्यात असतो. हे शहर मध्ययुगात मसाल्याच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं आणि पूर्वेकडचा माल व्हेनिसमार्गे इथे यायचा, म्हणून हा पदार्थ इथे रुजला. लहान मुलं बरोबर असतील तर मुख्य चौकात फार वेळ घालवू नका. जवळच हान्स-साक्स-प्लात्झवर खास मुलांचा बाजार आणि जुन्या पद्धतीचं मेरी-गो-राउंड आहे.

स्टुटगार्ट

थोडक्यात लिहितो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. शिवाय बॉश आणि मर्सिडीजमुळे पुण्या-चाकणची मंडळी इथे भरपूर. त्यामुळे बाजारात शेजारच्या टेबलावरून "अगं, टोपी घाल" असं हमखास ऐकू येतं. इथल्या टपऱ्यांची छपरं बघा. प्रत्येक दुकानदार छपरावर आख्खा देखावा उभा करतो आणि त्यासाठी मनापासून राबतो. खालचा माल इतर शहरांसारखाच आहे.

आईबाबा शुद्ध शाकाहारी, त्यामुळे खाण्याचं नीट सांगतो. किसलेल्या बटाट्याचे तळलेले कार्टोफेलपुफर सफरचंदाच्या गराबरोबर मिळतात, ते बाबांना फार आवडले. चीज घातलेले केझश्पेट्झले, लसणाच्या सॉसमधले मश्रूम, भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले गरम बदाम हे सगळं चालतं. फ्लामकुखेन या पातळ पिझ्झासारख्या पदार्थावर मात्र डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. "ओने श्पेक" म्हटलं की बहुतेक ठिकाणी त्याशिवाय करून देतात. तळलेल्या गोड पदार्थांना कधीकधी चरबी वापरतात, तेव्हा तेल कुठलं ते विचारूनच घ्या. विचारलं तर कोणी रागावत नाही.

ड्रेस्डेन

एकच बाजार बघायचा असेल तर माझं मत ड्रेस्डेनच्या श्ट्रीत्सेलमार्क्टला. १४३४ साली इथल्या राज्यकर्त्याने नाताळाच्या आधीच्या सोमवारी एका दिवसाच्या बाजाराला परवानगी दिली, तिथून हा चालत आलाय. श्ट्रीत्सेल म्हणजे इथल्या श्टोलेनचं जुनं नाव, म्हणजे बाजाराला नावच खाण्याचं. श्टोलेन हा मनुका, बदाम, संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल घातलेला लांबट पाव. वरून लोण्याचा हात आणि पिठीसाखरेचा जाड थर. दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू, अशी त्यामागची कल्पना. अ‍ॅडव्हेंट हा पूर्वी उपवासाचा काळ होता आणि उपवासाला लोणी वर्ज्य, त्यामुळे हा पाव तेलात व्हायचा आणि बेचव लागायचा. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी थेट रोमला विनंती केली आणि १४९१ मध्ये पोपने लोणी वापरायची मुभा देणारं पत्र धाडलं. उपवासाला काय चालतं यावरून आपल्या घराघरांत होणारे वाद आठवले आणि हे लोक एकदम जवळचे वाटले. श्टोलेन घरी नेणार असाल तर बिनधास्त न्या. मुरवून खायचाच पदार्थ आहे, काही आठवड्यांनी अधिक चांगला लागतो. सोनेरी शिक्क्याचा बघून घ्या, तो ड्रेस्डेन परिसरातल्या बेकऱ्यांचाच असतो.

पण मी तासन्‌तास रेंगाळले ती लाकडी वस्तूंपाशी. जवळच्या एर्त्सगेबिर्गे डोंगरात पूर्वी चांदीच्या आणि कथलाच्या खाणी होत्या. धातू संपत आला तसे खाणकामगार लाकूडकामाकडे वळले. हिवाळ्यात हे लोक अंधारात खाणीत उतरायचे आणि अंधारातच वर यायचे. खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या कमानी तिथल्याच. सायफेन गावातली एक कला तर बघत राहावी अशी आहे. ओल्या लाकडाची गोल चकती लेथवर फिरवतात आणि पटाशीने तिच्यात खाचा पाडत जातात. बघणाऱ्याला काही कळत नाही, नुसतं कडं दिसतं. मग ते कडं काढून केकसारखे उभे काप घेतात आणि प्रत्येक काप म्हणजे एक घोडा! पाय, मान, शेपूट सगळं त्या खाचांमधून आलेलं. एका कड्यातून घोड्यांचा कळपच निघतो. त्यावर सुरीने थोडं काम, रंग, की झालं. कारागिराला हे सगळं उलट्या बाजूने, आतून, आधीच दिसत असतं.

मेणबत्त्यांवर फिरणारे लाकडी पिरॅमिडही इथलेच. गरम हवा वर चढते, तिरप्या पात्यांना ढकलते आणि खालचे मेंढपाळ, देवदूत गोल फिरू लागतात. घेताना पाती नाजूक बघू नका, आणि मेणबत्त्यांची जाडी कोणती ते दुकानातच विचारून जोडीला पाकीट घ्या. भारतात त्या मापाच्या मिळत नाहीत.

आखेन, टपरीच्या आतून

मी मूळची कोल्हापूरची, आखेनला मास्टर्स करते आणि ग्लूवाईनच्या टपरीवर काम केलंय. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यामुळे डिसेंबरातलं हे काम बऱ्याच जणांच्या भाड्याची सोय करतं.

ग्लूवाईन म्हणजे दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्र्याची साल घातलेली गरम वाईन. ती उकळू द्यायची नसते. अल्कोहोल ७८ अंशांना उडू लागतं, म्हणून तापमान त्याच्या खाली धरायचं. सगळं लक्ष त्या काट्यावर. गिऱ्हाइकाला दिसतं ते ओतणं आणि हसणं. खरं काम मगांचं आहे. मगाला तीन-चार युरो डिपॉझिट असतं, मग परत केला की पैसे परत. शनिवारी संध्याकाळी बेल्जियम आणि नेदरलँड्समधून बसच्या बस येतात, कारण आखेन तिन्ही देशांच्या सीमेवर आहे. तेव्हा एकजण फक्त मग धूत असतो आणि तरी मग कमी पडतात. मग आवडला तर खुशाल घरी न्या, डिपॉझिट सोडून द्यायचं, एवढंच. त्यात चोरी वगैरे काही नाही. पण तो शेजारच्या टपरीवर परत करू नका, बऱ्याचदा घेत नाहीत आणि वाद आमच्याशी होतो.

मुलांना आणि न पिणाऱ्यांना किंडरपुन्श मागा, तो फळांच्या रसाचा असतो, बिनअल्कोहोलचा. मागताना कोणी कमी लेखत नाही, रांगेत निम्मे लोक तोच घेतात असं कित्येक संध्याकाळी दिसायचं. आणि पाय सांभाळा. थंडी वरून येत नाही, दगडी फरशीतून बुटात चढते. आमचा मालक आम्हाला लाकडी फळ्यांवर उभं करायचा आणि दोन मोजे सक्तीचे. जाड तळव्याचे बूट घाला, जाकिटाचं नंतर बघू.

आखेनचे प्रिंटेन बिस्किटं खा. कडक आणि मऊ दोन्ही मिळतात. दात दुखत असतील तर मऊच मागा.

स्ट्रासबर्ग

१५७० पासूनचा बाजार, फ्रान्समधला सर्वांत जुना. कॅथेड्रलच्या पायथ्याशी, क्लेबेर चौकातल्या तीसेक मीटर उंच झाडाभोवती, गल्लीगल्लीत टपऱ्या. देखणा आहे, यात शंका नाही. पण शनिवारी गेलो आणि मुलीचा हात सोडायची सोय नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात इथे हल्ला होऊन पाच माणसं गेली, तेव्हापासून जुन्या शहराच्या बेटावर जाताना पुलांवर बॅगा तपासतात. बर्लिनला २०१६ मध्ये आणि माग्डेबुर्गला २०२४ मध्ये गाडी गर्दीत घुसवली गेली, त्यामुळे जर्मनीतही आता सगळीकडे सिमेंटचे ठोकळे दिसतात. या तपासणीचा कंटाळा करू नका, पाठीवर मोठी सॅक नेऊ नका.

मंगळवार-बुधवारी जा. मुक्काम नदीपलीकडे जर्मनीतल्या केलमध्ये करा. २०१७ पासून तिथून थेट ट्राम येते. बेकरीतला माणसाच्या आकाराचा 'मन्नाला' नावाचा मऊ पाव मुलांना घेऊन द्या.

क्राकोव

वर सगळं जर्मन-फ्रेंच झालं, म्हणून पोलंडचं लिहितो. मी वसईचा, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे नाताळ म्हणजे आगमनकाळापासून पोरांनी मिळून बांधलेला गोठा, बांबूच्या कामट्यांचा तारा आणि मध्यरात्रीची मिस्सा. युरोपातल्या बऱ्याच बाजारांत फिरताना मला दिवे सापडले, पण बाळ येशूचा गोठा कोपऱ्यात गेलेला दिसायचा. क्राकोवमध्ये तो मधोमध आहे.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी मुख्य चौकातल्या मित्सकेविच पुतळ्याच्या पायऱ्यांवर लोक आपापला 'शोप्का' आणून ठेवतात. हा साधा पेंढ्याचा गोठा नव्हे. पुठ्ठ्याचा आणि चमचमत्या रंगीत कागदाचा, मनोऱ्यांचा, मजल्यामजल्यांचा महाल. गणपतीच्या मखरावर आपल्याकडे जशी महिनोन्‌महिने मेहनत चालते तशीच ही. मनोरे क्राकोवच्याच सेंट मेरी चर्चचे, घुमट वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमधल्या चॅपलचा, आणि आत कुठेतरी वावेलचा ड्रॅगनसुद्धा. एकोणिसाव्या शतकात हिवाळ्यात काम नसलेले गवंडी हे बनवून घरोघरी नेत. १९३७ पासून त्याची स्पर्धा होते आणि २०१८ मध्ये युनेस्कोने तो अमूर्त वारसा म्हणून नोंदवला. एका आजोबांनी मला त्यांचा शोप्का जवळून दाखवला. खिडक्यांच्या काचा म्हणजे चॉकलेटचे कागद, एकेक नखाएवढा कापून मागून चिकटवलेला. घरच्या लोकांनी वर्षभर चॉकलेटं खाल्ली ती यासाठीच, असं ते अभिमानाने म्हणाले.

शेजारीच बाजार. भाजलेलं ओस्त्सिपेक चीज क्रॅनबेरीच्या जॅमबरोबर खा. मेंढीच्या दुधाचं, धुरावलेलं, खारट. दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो, तेव्हा वर बघा. वाजवणारा खिडकीतून हात हलवतो. २४ तारखेच्या जेवणाला पोलिश घरांत एक ताट अनपेक्षित पाहुण्यासाठी मांडून ठेवतात. ऑफिसातल्या सहकाऱ्याने बोलावलं म्हणून मी त्या ताटावर जेवलोय.

व्हिएन्ना

आम्ही दोघं निवृत्त, नागपूरचे, मुलाकडे गेलो होतो. ह्यांचे गुडघे दुखतात आणि या बाजारांत बसायला जागा नसते, सगळे उंच टेबलांभोवती उभे. आमची युक्ती सांगते. मारिया थेरेसिया चौकातला बाजार दोन मोठ्या संग्रहालयांच्या मधोमध आहे. कलासंग्रहालयाचं तिकीट काढायचं, आत ऊब, बसायला बाकं, स्वच्छ स्वच्छतागृह. दोन तास चित्रं बघायची आणि अंधार पडताना, म्हणजे साडेचारला, बाहेर बाजारात यायचं. टाउन हॉलसमोरचा मोठा बाजार ट्राममधून बघितला तरी पुरे. श्पिटेलबर्गच्या गल्ल्या मात्र चालत फिरा. तिथे कुंभार, चांदीकाम करणारे स्वतः बसलेले असतात आणि वस्तूबद्दल विचारलं की हातातलं काम ठेवून बोलतात.

आणि सुट्टीचं गणित

भारतातून येणाऱ्यांची खरी अडचण अशी की मुलांना नाताळची सुट्टी लागते तेव्हा जर्मनीतले बहुतेक बाजार उठलेले असतात. न्यूर्नबर्ग, ड्रेस्डेन २४ लाच, तेही दुपारी. २५ आणि २६ ला दुकानंही बंद, म्हणून दूध, ब्रेड, भाजी २३ लाच आणून ठेवा. ज्यांना २५ नंतरच निघता येतं त्यांनी जर्मनी सोडून प्राग धरावं, तिथे जुन्या शहराच्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो. व्हिएन्नातही शोनब्रुन राजवाड्यापुढचा बाजार नवीन वर्षापर्यंत असतो. नक्की तारखा दरवर्षी त्या त्या शहराच्या संकेतस्थळावर येतात. विमानाचं तिकीट त्या बघूनच काढा.