मानकुराद आंब्यावर पानांचे सुके गुच्छ, आत अळ्या – जहाल औषध न मारता काय करता येईल?

नमस्कार मंडळी, मोहोर यायच्या आधी मदत हवी आहे म्हणून लिहितोय. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, घरामागे वडिलांनी लावलेली मानकुरादाची झाडं आहेत आणि पाऊस ओसरल्यापासून वरच्या फांद्यांवर तपकिरी सुक्या पानांचे गुच्छ लटकायला लागलेत. घरची माणसं म्हणतात हुमल्यांची, म्हणजे पानं शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांची घरटी, पण ती नव्हेत. हुमले हिरवी जिवंत पानं पांढऱ्या धाग्याने शिवतात आणि जरा धक्का लागला की फौजच बाहेर येते. हा गुच्छ आकडीने खाली ओढून उघडला तर आत नुसतं जाळं, त्यात काळी दाणेदार विष्ठा अडकलेली, आणि हिरवट अंगाच्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या, काडी लावली की वळवळत मागे सरकतात. काही पानांच्या फक्त शिरा उरल्यात.

दुकानात फोटो दाखवला तर लगेच लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन या रासायनिक कीटकनाशकाची बाटली पुढे केली. ते मला मारायचं नाहीय, झाडाखालीच विहीर आहे आणि एका झाडावर हुमले भरपूर आहेत, त्या झाडावर असे गुच्छ जवळजवळ नाहीतच! ते मेले तर मग राखण कोण करणार? ही अळी नेमकी कुठली आणि एवढ्या उंच झाडावर काय करावं, कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद (सत्तरीचो बागायतदार): वर्णनावरून ही पानं गुंफणारी अळी वाटते, ऑर्थागा जातीचा पतंग. लहान असताना झुंडीने पानाचा हिरवा भाग खरवडतात, मोठ्या झाल्या की पानं एकत्र गुंफून आत बसून खातात, म्हणून वरून मारलेलं औषध आतपर्यंत पोचतच नाही. आधी गुच्छ फांदीच्या टोकासकट कापून जाळा, खाली टाकून ठेवू नका, कोष त्यातच असतात. काही अळ्या जमिनीत जाऊन कोष करतात तेव्हा बुंध्याभोवतीची माती वरवर उकरून घ्या. आणि दाट, अंधाऱ्या झाडावर ही जास्त वाढते, मधल्या एक-दोन फांद्या काढून ऊन आत जाऊ द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं.

प्रतिसाद (माडाखालून): वरच्यांशी सहमत. फवारायचंच असेल तर गुच्छ काढल्यावर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 5 किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, 100 लिटर पाणी करायचं. नाहीतर बिव्हेरिया, म्हणजे किडी मारणारी बुरशी, पण संध्याकाळी मारा आणि बुरशीनाशकात मिसळू नका, ती स्वतःच बुरशी आहे. हुमल्यांना जपताय ते बरोबरच, अळ्या उचलून नेतात, फक्त ते पिठ्या ढेकूणही (झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड) पाळतात, तेवढं लक्ष ठेवा. मोहोर फुलला की मात्र काहीच मारू नका, आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्या करतात. खात्री करायची असेल तर एक गुच्छ अळीसकट डब्यात घालून जुने गोवेच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

मूळ प्रश्नकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. फांद्या काढायला गडी सांगितलाय, रविवारी गुच्छ उतरवतो. एकच विचारायचं राहिलं, हुमल्यांच्या झाडावरून शेजारच्या झाडापर्यंत दोरी बांधली तर ते तिकडे जातात का? कोणी करून बघितलंय?