मदत हवी आहे: "ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला" म्हणतात, ६२ हजार घालू का?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. घर चिपळूणला, नोकरी लोट्याला, म्हणजे रोज परशुराम घाट.

गेल्या सोमवारी रात्रभर पाऊस लागून राहिला होता. मंगळवारी सकाळी घाट चढताना गाडीने एक आचका दिला आणि वळणावरच बंद पडली. मागे ट्रकवाल्यांचे भोंगे, पुढे धुकं. वीसेक मिनिटांनी आपली आपणच चालू झाली. बुधवारी दोनदा तेच. गुरुवारी दारातून हललीच नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चावी फिरवल्यावर इंजिनाच्या चित्राचा जो पिवळा दिवा लागतो, तो आता लागतच नाही. बाकीचे सगळे लागतात.

टो करून वर्कशॉपला नेली. स्कॅनर लावला तर ब्रेकचं एबीएस बोलतं, डॅशबोर्डचं मीटर बोलतं, इंजिनाचा कॉम्प्युटर गप्प. कोड आला 'यू ०१००'. सुपरवायझरने पाच मिनिटांत निकाल दिला, "मॅडम, ईसीएम गेला." नवा बसवायचा तर कोडिंग धरून ६२ हजार, पैसे आगाऊ, आणि इलेक्ट्रिकल पार्ट एकदा मागवला की परत घेत नाहीत. बदलूनही सुरू झाली नाही तर, असं विचारलं. "मग पुढचं बघू." हे 'पुढचं बघू' मला परवडणारं नाही.

नाक्यावरचा मेकॅनिक म्हणतो, कुर्ल्याहून जुना आणतो, ९ हजारात काम, कपलर (वायरींचा प्लग) लावला की गाडी चालू. बाबा म्हणतात, विकून टाक ती पीडा.

ईसीएम खरंच गेलाय हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं? आणि जुना घेतला तर नुसता कपलर लावून भागतं का? गाडी सध्या परत घरी ओढून आणली आहे. जाणकारांनी सांगावं.

— घाटवाली

*

चाकोरी: आधी उंदीर बघा. कोकणात पावसाळ्यात निम्म्या गाड्यांचं वायरिंग उंदीरच खातात. आमच्याकडे बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. उंदरांनी गोळ्यांशेजारीच घर केलं.

गंजका नट: ताई, ६२ हजार खिशात ठेवा. यू ०१०० चा अर्थ एवढाच की इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलणं तुटलंय. तो मेला असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कडी वाजवली आणि कोणी दार उघडलं नाही म्हणून लगेच चौघांना बोलवायचं नसतं.

तो का बोलत नाही, याची कारणं साधारण तीन. त्याला वीज मिळत नाही, अर्थ (म्हणजे निगेटिव्हची जोडणी) मिळत नाही, किंवा त्याचे ५ व्होल्ट कोणीतरी खाली ओढतंय. ही तिन्ही खोटी ठरली तरच तो बिघडला म्हणायचं.

वीज आणि अर्थ नुसत्या मल्टिमीटरवर बघू नका, तिथेच लोक फसतात. वायर आतून गंजून एकच तार उरली असेल तरी मीटर १२.४ दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. तो पावणेदोन अँपियर ओढतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीएमचा कपलर सोडवा, मग निगेटिव्ह परत लावा. चावी ऑन करून कपलरच्या सप्लायच्या पिनांवर बल्ब लावून बघा (दुसरी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला; मेन रिलेतून येणाऱ्या पिना रिले जोडून धरला तरच पेटतील), आणि अर्थच्या पिनांवर उलट बाजूने (दुसरी वायर पॉझिटिव्हला). लख्ख पेटला तर वायर चांगली. मिणमिणला तर तुमचा चोर तिथेच आहे. फक्त पिनेत जाडी सुई खुपसू नका. पीन सैल झाली की नवंच दुखणं मागे लागतं.

मेन रिले, म्हणजे ईसीएमला वीज जोडणारा स्विच, तोही बघा. तो शेदोनशेचा असतो आणि ६२ हजारांचं नाटक करू शकतो.

राहिले ५ व्होल्ट. रेल प्रेशर, बूस्ट, अ‍ॅक्सिलरेटर पेडल, अशा बऱ्याच सेन्सरांना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट पुरवतो. त्यातला एक शॉर्ट झाला किंवा वायर घासून बॉडीला लागली, की काही गाड्यांत ईसीएमची वाचाच बसते. चावी ऑन ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. एखादा काढल्याबरोबर पिवळा दिवा लागला, तर तो सेन्सर बदला आणि मला चहा पाजा.

चाकोरी: आणि उंदीर?

गंजका नट: उंदीरही बघा हो.

पाना नं. १३: जुन्या ईसीएमबद्दल सांगतो, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. चावीत चिप असते, आणि कुठली चिप आपली हे ईसीएमला ठाऊक असतं. दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावलात तर त्याच्या लेखी तुमची चावी चोराची. गाडी एकतर सुरूच होणार नाही, किंवा दोन सेकंद धरून बंद पडेल. मी बाजारातून आणलेला डबा आठ दिवस लावून-काढून दमलो. विकणारा म्हणाला, "माझ्या गाडीवर चालत होता." खरंच चालत असणार. त्याच्याच चावीवर!

त्यातल्या त्यात सोपा उपाय: तुमच्या जुन्या ईसीएममधली मेमरी वाचून जशीच्या तशी दुसऱ्यात उतरवायची. याला क्लोनिंग म्हणतात. त्यासाठी दोन्हींवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. "दिसायला सेम आहे" हे चालत नाही. आणि जुना डबा मेला म्हणून वर्कशॉपला देऊन टाकू नका. तुमच्या गाडीची ओळख त्याच्यातच आहे.

डिझेलला आणखी एक कटकट. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर किती कमी-जास्त डिझेल सोडतो याचा हिशोब. हे चारही कोड ईसीएममध्ये लागतात. कोरा नवा ईसीएम घातला आणि कोड भरायचे राहिले, तर गाडी सुरू होईल, पण उभ्या जागी ठकठक करेल आणि धूर काढेल. क्लोन केला तर ते सगळं आपोआप येतं.

आणि घ्याल तिथून बिल घ्या. चोरीच्या गाडीचा डबा गळ्यात पडायला नको.

सातबारा: इन्शुरन्सचं पाहिलंत का? साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इलेक्ट्रॉनिक्स मिळवणं जिकिरीचं असतं, पण इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं असेल तर अटी वाचा. काहीही उघडायच्या आधी विचारा, नाहीतर सर्व्हेअर म्हणेल तुम्हीच बिघडवलंत.

घाटवाली: इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं नाही. दरवर्षी ते हजारभर रुपये मीच वाचवत आले.

रविवारी भाऊ आणि मी बल्ब घेऊन बसलो. सप्लायवर लख्ख. अर्थवर लख्ख. रिले दुसरा लावून पाहिला, फरक नाही. मग सेन्सर एकेक काढले. पेडलचा कपलर काढायला मी ब्रेकखाली उताणी झोपले होते आणि शेजारच्या काकू विचारत होत्या, "काही हरवलंय का गो?" सगळे काढले तरी ५ व्होल्टच्या वायरवर ०.७च. दिवा नाही.

उंदीर नाही. चाकोरी, माफ करा.

गंजका नट: आता शेवटचं एक. बॅटरी काढा, ईसीएमचे कपलर सोडवा, आणि ती ५ व्होल्टची वायर बॉडीशी शॉर्ट आहे का ते ओहमवर बघा. वायर मोकळी असेल तर ०.७ ईसीएमच्या पोटातून येतंय. मग सुपरवायझर बरोबर होता. न तपासता बरोबर, पण बरोबर.

घाटवाली: वायर मोकळी आहे. कपलर ओढला तेव्हाच खरं तर कळलं. एका कोपऱ्यातल्या चार पिनांवर हिरवा थर होता, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यावर चढतो तसा. कपलरातून थेंबभर पाणी माझ्या मनगटावर पडलं.

पाना नं. १३: पिना पुसून परत लावू नका! पाणी आत गेलेलं असणार. आणि मुख्य म्हणजे ते आलं कुठून ते शोधा, नाहीतर दुसरा डबाही याच वाटेने जाईल.

घाटवाली (बारा दिवसांनी): उशिराबद्दल क्षमस्व, गाडी कालच चालू झाली.

डबा एसटीच्या पार्सलने कोल्हापूरला एका ईसीएम दुरुस्तीवाल्याकडे पाठवला. त्याने उघडून फोटो पाठवले. बोर्डाचा एक कोपरा काळा-हिरवा, ५ व्होल्ट करणारा भाग जळलेला, त्याच्याखालचे तांब्याचे पट्टेही खाल्लेले. दुरुस्त करतो म्हणाला, पण गॅरंटी देणार नाही. मात्र मेमरी पूर्ण वाचता आली. त्याच्याकडेच त्याच नंबरचा जुना डबा होता, त्यात उतरवून दिली. डबा, क्लोनिंग आणि जाण्या-येण्याचं पार्सल मिळून साडेचौदा हजार, सहा महिन्यांची हमी, पक्कं बिल. इथे कपलरच्या चार पिना नव्या टाकून घेतल्या, ते ८०० रुपये वेगळे.

बॅटरी लावली, चावी फिरवली, पिवळा दिवा लागला. भाऊ म्हणाला, "हा दिवा लागल्याचा आनंद झालेली तू पहिलीच." दुसऱ्या सेल्फला इंजिनाने पकडलं. आमचीच चावी, ठकठक नाही, धूर नाही. काल घाट दोनदा चढून-उतरून आले.

आणि पाणी कुठून आलं ते सापडलं. गाडी दारातल्या बकुळीखाली लागते. वायपरखालची प्लास्टिकची पट्टी काढली तर पाणी जायच्या दोन्ही भोकांत वाळलेल्या बकुळफुलांचा बूच बसला होता, चांगला मूठभर. तिथे पाणी तुंबून कडेने थेट ईसीएमच्या वायरिंगवर उतरत होतं आणि वायरींच्या जुडग्यावरून ओघळत कपलरात. बूच काढून तांब्याभर पाणी ओतलं, खाली सरळ जमिनीवर पडलं. जुडग्याला आता कपलरच्या आधी खाली झोळ दिलाय, म्हणजे थेंब तिथूनच गळेल.

गंजका नट, चहा तुमचा बाकी आहे, चिपळूणला आलात की. पाना नं. १३, तुमचाही. सुपरवायझरला सांगायला गेले नाही.

आता एकच विचारायचं राहिलं. वायपरखालच्या पट्टीला बारीक जाळी बसवलेली कोणी वापरतं का? फुलं अडतील, पण पाणी अडायला नको. बकूळ तोडायला आई तयार नाही. मीही नाही.