तैपेई १०१ ची लिफ्ट वर जाताना सुसाट आणि खाली येताना हळू, असं का?

सांगलीकर:
ऑफिसच्या कामाने तैवानला गेलेलो, एक दिवस मोकळा मिळाला म्हणून तैपेई १०१ बघितली. पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरलो आणि ८९ व्या मजल्यावर बाहेर पडलो, मधे फक्त ३७ सेकंद! आत स्पीड दिसतो, मिनिटाला १०१० मीटर, म्हणजे ताशी ६० किमी, हायवेवर एसटी जाते तेवढा, तोही सरळ उभा वर. पण येताना आकडा ६०० च्या वर गेलाच नाही. उलट खाली येणं सोपं पाहिजे ना? मोटरला लोड कमी. कोणी या फिल्डमधलं असेल तर सांगा प्लीज.

शाफ्टमधला:
मी १६ वर्षं लिफ्ट इरेक्शनला, म्हणजे लिफ्ट बसवायच्या कामाला आहे, पुण्यात. मोटरचा काही संबंध नाही दादा. केबिनच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट लटकलेलं असतं, त्यामुळे केबिन रिकामी असली तर ती खाली न्यायलाच मोटरला जोर लागतो. खरी अडचण कानाची. वर जाताना कानातली जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते, खाली येताना मात्र आवंढा गिळल्याशिवाय नळी उघडत नाही आणि दडे बसतात. म्हणून उतरताना स्पीड मिनिटाला ६०० मीटरच्या आसपासच ठेवतात. तैपेईच्या केबिनमध्ये तोशिबाने हवेचा दाब हळूहळू बदलणारी सिस्टीमपण बसवलीय.

नागोयाहून:
बरोबर, शांघाय टॉवरला मित्सुबिशीची लिफ्ट वर मिनिटाला १२३० मीटरने जाते, पण खाली ६०० नेच. जपानी कंपन्यांची ही चढाओढ फार जुनी आहे. १९७८ ला टोकियोच्या सनशाइन ६० मध्ये ६००, १९९३ ला योकोहामाच्या लँडमार्क टॉवरला ७५०, मग २००४ ला तैपेई, आणि ग्वांगझूच्या सीटीएफ बिल्डिंगमध्ये हिताचीने टेस्टला १२६० गाठला. उंच बिल्डिंगा चीनमध्ये झाल्या पण बरंचसं टेस्टिंग इथे जपानमध्ये. आमच्याजवळ इनाझावाला मित्सुबिशीचा १७३ मीटरचा टेस्ट टॉवर आहे, सगळा सपाट भाग त्यामुळे ट्रेनमधून लांबूनच दिसतो.

सांगलीकर:
आत्ता कळलं, येताना माझा डावा कान का बंद झालेला! मग अजून उंच बिल्डिंग बांधली तर काय, रोप लांब केला की झालं?

शाफ्टमधला:
नाही होत. रोप लांब झाला की त्याचं स्वतःचंच वजन वाढत जातं, साधारण ५०० मीटरनंतर स्टीलचा रोप माणसांपेक्षा स्वतःलाच उचलत बसतो. म्हणून फिनलंडच्या कोने कंपनीने २०१३ ला कार्बन फायबरचा पट्टा काढला, १००० मीटरपर्यंत चालेल असा. ब्रेकचंही तसंच, सेफ्टी (इमर्जन्सी ब्रेक) लागली की पाचर गाइड रेलला, म्हणजे केबिन ज्यावरून सरकते त्या उभ्या रुळाला धरते, एवढ्या स्पीडला घासून नुसती आग होते, साधा लोखंडी तुकडा टिकणारच नाही, त्याला उष्णता सोसणारं मटेरियल लागतं.

आणि एक सांगतो. गाइड रेल ५-५ मीटरचे तुकडे असतात. आमच्या साध्या लिफ्टलासुद्धा सांधा केसभर पुढे-मागे राहिला तर पायाला लागतो, मग कानस घेऊन शाफ्टमध्ये उभं राहून घासायचा, बोट फिरवून बघायचा, परत घासायचा. परत कधी अशा लिफ्टमध्ये गेलात तर आकड्याकडे नका बघू, हात भिंतीला लावून ठेवा. ताशी ६० ला एकही सांधा लागत नाही ना, ते कुणीतरी हाताने केलेलं काम आहे.

सांगलीकर:
पुढच्या महिन्यात शांघायला जायचंय. तिथे हात लावून बघतो आणि इथे लिहितो.