मुलीच्या हातातला खाऊ कुत्री काढून घेतात, काय शिकवावं?

लेकीची_आई
मुलगी १४ महिन्यांची. घरात दोन कुत्री: लॅब्रॅडॉर आणि एक गावठी, दोघंही मोठी. लेक बिस्किट घेऊन घरभर फिरते आणि ही दोघं ते अलगद काढून घेतात. गुरगुरत नाहीत. मी ओरडले की थांबतात, पाठ वळली की पुन्हा तेच. शिकवता येईल, की कायमचं वेगळं ठेवायचं?

पट्टा_सैल
शिकवता येईल, पण आधी चोरी फळणं थांबवा. दहा वेळांत एकदा जरी बिस्किट मिळालं तरी कुत्रा उरलेल्या नऊ वेळा आशेवर राहतो. अधूनमधून फळणारी सवय सगळ्यात चिवट. त्यामुळे मुलीचं खाणं एकाच जागी: उंच खुर्चीत, किंवा खाली बसवत असाल तर बेबी गेटच्या आत. हातात खाऊ घेऊन फिरणं बंद. (आजी-आजोबांना पटवणं हा यातला खरा अवघड भाग.)

मग 'सोड' शिकवा. दोघांना वेगवेगळं, मुलगी झोपलेली असताना, एका वेळी तीन-चार मिनिटं. मुठीत बिस्किटाचा तुकडा धरून नाकासमोर न्या. चाटेल, पंजा मारेल. तुम्ही हलू नका, बोलू नका. नाक मागे घेतलं त्याच क्षणी 'शाब्बास' आणि दुसऱ्या हातातून उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. मुठीतलं बिस्किट त्याला कधीच द्यायचं नाही, नाहीतर 'जरा थांबलं की हेच मिळतं' एवढंच तो शिकतो. मूठ जमली की उघडा तळहात, मग जमिनीवर, पायाने झाकता येईल इतकं जवळ. मागे हटायला लागला की मगच 'सोड' हा शब्द जोडा.

पुढची पायरी बरेच जण गाळतात: खाली बसा, हात मुलीच्या उंचीवर आणा आणि डुलवा. उभ्या माणसाचा स्थिर हात सोडणारा कुत्रा नाकापुढे हलणारा हात सोडेलच असं नाही. चिकनचा हिशेब रोजच्या जेवणातून वजा करा. लॅब आहे, लगेच अंग सुटेल.

दोन_चटया
वरचं बरोबर, पण 'सोड' तुमच्या तोंडून येतो. तुम्ही गॅसकडे वळलात तर काय? म्हणून मुलीचा खाऊ हाच इशारा व्हायला हवा. वाटी हातात घ्या, दोन सेकंद थांबा, 'जागेवर' म्हणा, चटईवर तुकडा टाका. क्रम बदलू नका: आधी वाटी, मग शब्द. हळूहळू वाटी दिसताच कुत्रा निघतो. बक्षीस चटईवरच, मुलीच्या हातून कधीही नाही. दोन चटयांत सहा-सात फूट अंतर ठेवा, नाहीतर तुकड्यावरून जुंपेल. खाली सांडलेलं उचलून झाल्यावरच त्यांना मोकळं करा.

डॉगी_दवाखाना
खाऊजवळ अंग ताठ होणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, घाईने गिळणं यावर लक्ष असू द्या. दिसलं तर सराव थांबवून प्रशिक्षक गाठा. गुरगुरल्याबद्दल मारू नका; इशारा बंद होतो, चावा राहतो. तोंडातलं ओढू नका, चिकन दाखवून अदलाबदल करा.

मुलांच्या शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. खाल्ले तर लक्षणांची वाट न पाहता प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन. मुलीला दात लागून रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.

लेकीची_आई
गेट आजच मागवते. पण लेक स्वतःच खुर्चीतून पोळी टाकते आणि खिदळते!

दोन_चटया
या वयात ती ऐकणार नाही. चटया तिच्या फेकीच्या पलीकडे न्या, आणि सवय पक्की होईपर्यंत कुत्री गेटबाहेर. भरवायची हौस असेल तर कुत्री गेटपलीकडे असताना तिच्या हाताने त्यांच्या भांड्यात डॉगफूडचे दाणे टाकून घ्या. भांडं तुम्ही नेऊन ठेवा.